वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळ ओलांडलं की स्लाऊ लागतं. चॉकलेटच्या कारखान्याचं, गोदामांचं, विमानतळावर राबणाऱ्या माणसांचं हे शहर. इथल्या एका गल्लीत, एकमेकांना भिंती चिकटलेल्या घरांच्या रांगेत एक मराठी बाई राहतात. वय पंचावन्नच्या पुढे. माहेर वाईचं, सासर साताऱ्याचं, इंग्लंडात येऊन निम्मं आयुष्य झालं. यजमान काही वर्षांपूर्वी गेले, मुलगी स्कॉटलंडात नोकरी करते. एका वितरण कंपनीच्या कचेरीत त्या इतरांचे पगार काढायच्या. कंपनीने ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलं आणि त्यांच्या हातात रिडंडन्सीचं, म्हणजे पदच रद्द झाल्याचं, पत्र आलं. नाव छापणार नाही या अटीवर त्यांनी मला सगळे कागद दाखवले.

वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. एकीत त्या स्वतः, उरलेल्या दोन खोल्यांत त्या बेकार असताना दोन लॉजर होते. लॉजर म्हणजे आपल्याकडचा पेइंग गेस्ट: मालकाच्याच घरात राहणारा, मालकाचंच स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वापरणारा. एक मुलगा लातूरकडचा. इथल्या विद्यापीठातून एमएस्सी झाला आणि तेव्हा पीएसडब्ल्यूवर, म्हणजे पदवीनंतर मिळणाऱ्या मुदतीच्या व्हिसावर, नोकरी शोधत होता. दुसरी मुलगी नाशिकची. ती एका गोदामात रात्रपाळी करते आणि दिवसा अर्ज पाठवते. दोघंही बाईंना काकू म्हणतात. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काकूंचा आणि मुलाचा असे दोन लॅपटॉप उघडे असायचे. दोघंही नोकऱ्यांच्या त्याच संकेतस्थळांवर असायचे. वय, शिक्षण, अनुभव यांत काहीच साम्य नाही, पण नकाराच्या ईमेलचा मजकूर शब्दशः एकच असायचा.

या टेबलावरच्या दोन बेकारांकडे ब्रिटिश कायदा अगदी वेगळ्या नजरेने बघतो. ते नीट समजून घ्यावं म्हणून हा लेख लिहितो आहे. लंडन, स्लाऊ, हॅरो, हाउन्स्लो, रेडिंग इथल्या अनेक मराठी घरांत आज असंच टेबल मांडलेलं आहे. त्यावर मंडळाच्या गणपतीत कोणी बोलत नाही आणि गावी फोनवर तर नाहीच नाही.

बाईंनी नोकरी गेल्यावर पहिले तीन महिने सरकारदरबारी काहीच मागितलं नाही. लाज हे एक कारण. ‘मदतीवर जगणारी माणसं’ असा शब्दप्रयोग त्यांनी इथल्या वर्तमानपत्रांत तीस वर्षं वाचला होता आणि त्या माणसांत आपण कधी असू असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण लाजेपेक्षा मोठं कारण दुसरंच होतं. साताऱ्याला त्यांच्या नावावर एक फ्लॅट आहे. तो कळला तर आपल्याला खोटारडं ठरवतील, अशी भीती त्यांच्या पोटात होती.

नोकरी गेलेल्या माणसासाठी इथे मुख्यतः दोन दारं आहेत. पहिलं ‘न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स’. आधीच्या दोन-तीन वर्षांत पगारातून राष्ट्रीय विम्याचे पुरेसे हप्ते कापले गेले असतील तर तो मिळतो. 2025-26 या वर्षात पंचविशीच्या पुढच्या माणसाला आठवड्याला 92.05 पाउंड, जास्तीत जास्त 182 दिवस. तुमच्याकडे बचत किती, नवरा किंवा बायको कमावते का, गावी घर आहे का, यातलं काहीच यासाठी बघितलं जात नाही. हप्ते भरलेत, हक्क आहे. बाईंनी इतकी वर्षं हप्ते भरले होते. म्हणजे फ्लॅटच्या भीतीचा या पहिल्या दाराशी काडीचाही संबंध नव्हता, आणि तरीही त्या बाहेरच थांबल्या होत्या.

दुसरं दार युनिव्हर्सल क्रेडिटचं. 2013 च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइनमध्ये ते सुरू झालं आणि मग जुन्या सहा मदतींची जागा त्याने हळूहळू घेतली. एकट्या, पंचविशीच्या पुढच्या माणसाला 2025-26 मध्ये महिन्याला 400.14 पाउंड. पहिले पैसे हाती यायला पाच आठवडे लागतात. तोवर उचल घेता येते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. मागच्या तारखेपासूनची रक्कम ठराविक कारणांसाठीच मिळते, तीही एका महिन्यापुरतीच. त्यामुळे जो महिना मागायचा राहिला तो बहुधा कायमचा गेला.

इथे मात्र बचत मोजतात. घरातली एकूण पुंजी 6,000 पाउंडांपर्यंत असेल तर दुर्लक्ष. 16,000 च्या वर गेली की काहीच मिळत नाही. मधल्या पट्ट्यात दर 250 पाउंडांमागे महिन्याला 4.35 पाउंड कापले जातात. 10,000 पाउंड शिल्लक असलेल्या माणसाचे 69.60 पाउंड असे जातात. 2013 पासून या दोन्ही मर्यादा जागच्या हललेल्या नाहीत. या काळात पावाच्या लादीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं कुठल्या कुठे गेलं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला रिडंडन्सीची जी रक्कम मिळते तीच त्याला या दाराबाहेर ठेवू शकते. आधी ती खा, मग या, असा त्याचा अर्थ. काटकसर करणाऱ्या माणसालाच ही मर्यादा अधिक जाचते, असं माझं स्पष्ट मत आहे. 16,000 चा हा आकडा बदलायला हवा.

राहतं घर पुंजीत धरत नाहीत. दुसरं कुठलंही घर धरतात, मग ते लीड्सला असो की लोहगावला. परदेशातल्या मालमत्तेची किंमत तिथल्या बाजारभावाने काढतात आणि ती लपवणं गुन्हा आहे. पुण्यातला गुंतवणुकीचा फ्लॅट, एनआरई खात्यातली मुदत ठेव, हे सगळं सांगावं लागतं. वाटणी न झालेल्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर नाव असेल तर तेही. अशा अविभक्त हिश्श्याची किंमत कशी धरायची हा किचकट भाग आहे आणि तो सल्लागाराला विचारल्याशिवाय स्वतः ठरवू नये.

पण नियमांत एक सवलत आहे, आणि ती मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या बहुतेकांनी आधी ऐकलेली नव्हती. तुमच्या मालकीच्या दुसऱ्या घरात तुमचा जवळचा नातेवाईक स्वतःचं घर म्हणून राहत असेल, आणि तो इथल्या पेन्शनच्या वयाचा असेल किंवा आजारपणामुळे काम करू शकत नसेल, तर ते घर पुंजीत धरत नाहीत. जवळच्या नातेवाइकांत आईवडील येतात, सासूसासरेही येतात. बाईंच्या साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या ऐंशी पार केलेल्या सासूबाई राहतात. घर विकायला काढलं असेल तरी विक्रीची खटपट चालू असेतो सहा महिने ते बाजूला ठेवतात. ज्या फ्लॅटच्या धास्तीने त्यांनी तीन महिने घालवले, तो अर्जात प्रामाणिकपणे लिहून, सासूबाईंच्या वयाचा पुरावा जोडून प्रश्न सुटण्यासारखा होता. हे त्यांना ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’च्या टेबलावर कळलं. 1939 पासून लोकांना फुकट सल्ला देणारी ही संस्था आहे. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला अर्ज भरायला मदत करण्याचं कामही तिच्याकडे आहे.

आता त्या वरच्या दोन खोल्या.

लॉजरचं भाडं हे उत्पन्न आहे की नाही, या प्रश्नाला ब्रिटनमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा दुःखाचा आहे. 1931 मध्ये मंदी टोकाला असताना सरकारने बेकारभत्त्यासाठी घराघराची मिळकत तपासायला सुरुवात केली. तपासनीस घरात येऊन कोण किती कमावतं ते मोजायचा. कमावत्या मुलाचा पगार बापाच्या भत्त्यातून वजा व्हायचा, म्हणून मुलं घर सोडून दुसऱ्याच्या घरी लॉजर म्हणून राहायला गेली. जॉर्ज ऑर्वेल 1936 मध्ये उत्तर इंग्लंडच्या कोळसापट्ट्यात फिरला. स्वतः वजडी विकणाऱ्या एका दुकानावरच्या गलिच्छ खोलीत लॉजर म्हणून राहिला आणि ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये त्याने हे नोंदवून ठेवलं. पेन्शन मिळणारा म्हातारा बाप मुलाकडे राहिला तर त्याला लॉजर धरून मुलाचा भत्ता कापायचे. मग सत्तरी-पंचाहत्तरीचा तो बाप उठून परक्याच्या खोलीत जायचा. मदत वाचवण्यासाठी बापाला घराबाहेर काढावं लागतं, अशी ती व्यवस्था होती. कामगारवस्त्यांत त्या तपासणीबद्दलचा संताप पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1941 मध्ये, ती घराघराची मोजणी मोडीत काढावी लागली.

पुढे जुन्या जॉबसीकर्स अलाउन्समध्ये नियम मवाळ झाला, तरी भाडं मोजलं जायचंच. लॉजरकडून आलेल्या रकमेतले आठवड्याचे पहिले 20 पाउंड सोडायचे आणि उरलेलं भत्त्यातून कापायचं. त्याला जेवण घालत असाल तर 20 पाउंड आणि वरच्यातले निम्मे सोडायचे. म्हणजे पन्नास पाउंडांना खोली दिली तर तीस सरकारने कापले. बेकार माणसाने खोली भाड्याने देण्यात काही हशील नव्हतं.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये हे बदललं. राहत्या घरात ठेवलेल्या लॉजरचं भाडं आता उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. पूर्ण रक्कम तुमची. मात्र पैसे साठत गेले तर ते पुंजी म्हणून मोजले जातात, आणि खोल्या देण्याचा रीतसर धंदा केला तर हिशेब वेगळा. पण घर सावरण्यासाठी एखाद-दुसरा लॉजर ठेवणाऱ्याला यातून धोका नाही. युनिव्हर्सल क्रेडिटवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, मीही ती करतो. हा एक नियम मात्र निखळ चांगला आहे.

कराच्या बाजूलाही अशीच सोय आहे. ‘रेंट अ रूम’ नावाची योजना 1992 मध्ये आली. 2016 पासून तिची मर्यादा वर्षाला 7,500 पाउंड आहे. महिना 625 पाउंडांना खोली दिली तर वर्षाचे बरोबर 7,500 होतात. त्यावर कर नाही आणि विवरणपत्रही भरावं लागत नाही. घर नवराबायकोच्या नावावर असून भाडं दोघांकडे येत असेल तर प्रत्येकी 3,750. बाईंच्या दोन खोल्यांचं भाडं मिळून 7,500 च्या वर जातं, म्हणून त्यांना विवरणपत्र भरावं लागतं. पण वरची रक्कम 12,570 पाउंडांच्या करमुक्त उत्पन्नात बसली तर कर शून्यच राहतो.

भाड्याच्या पैशांतून त्या काय भरतात? मॉर्गेज. इंग्लंडात घरकर्जाचा दर साधारण दोन, तीन किंवा पाच वर्षांसाठी बांधलेला असतो. मुदत संपली की नव्या दराने नवा करार. 2020 च्या मार्चमध्ये बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर 0.1 टक्का होता. 2023 च्या ऑगस्टमध्ये तो 5.25 टक्के झाला. ज्यांचा करार या मधल्या काळात संपला त्यांचा हप्ता एका महिन्यात शेकडो पाउंडांनी वाढला. बाई त्यांतल्याच. पहिली खोली त्यांनी नोकरी असतानाच, त्या वाढीव हप्त्यासाठी दिली होती. दुसरी दिली ती नोकरी गेल्यावर. त्या आधी त्या खोलीत मुलीची पुस्तकं आणि देव होते. देव आता स्वयंपाकघरातल्या फडताळात आहेत.

युनिव्हर्सल क्रेडिट भाडेकरूच्या घरभाड्याला हातभार लावतं, पण मॉर्गेज भरत नाही. घरमालकासाठी वेगळी सोय आहे, तिचं नाव ‘सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट’. पूर्वी ही मदत होती. 6 एप्रिल 2018 पासून ते कर्ज झालं. सरकार एका ठराविक दराने 2,00,000 पाउंडांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज बँकेला भरतं, त्यावर स्वतः व्याज लावतं आणि घर विकताना सगळं वसूल करतं. त्यासाठी घरावर सरकारचा बोजा चढतो. युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झाल्यावर नऊ महिने थांबायला लागायचं, 2023 च्या एप्रिलपासून ती मुदत तीन महिन्यांवर आली. मुद्दलाला यातून एक पैसाही मिळत नाही. बाईंनी हे कर्ज घ्यायचं नाही असं ठरवलं. मला तो निर्णय पटला, कारण दोन लॉजर असताना त्यांना त्याची गरज नव्हती. पण खोली देण्याइतकी जागाच नसलेल्या माणसाने संकोच करू नये, घर बँकेने ताब्यात घेण्यापेक्षा हा बोजा बरा.

बँकेशी बोलायलाही त्या घाबरत होत्या. 2023 च्या जूनमध्ये सरकार आणि बहुतेक मोठ्या बँकांनी मिळून एक सनद केली. तिच्यानुसार हप्ते नियमित असलेल्या माणसाला सहा महिने फक्त व्याज भरण्याची मुभा मागता येते आणि पहिला हप्ता चुकल्यापासून बारा महिने बँक घर ताब्यात घेत नाही. हप्ता चुकण्यापूर्वी फोन केला तर बँकेचा सूर वेगळा असतो, चुकल्यावर वेगळा. मराठी माणूस हा फोन शेवटी करतो. तो पहिला करायला हवा. त्याच फोनमध्ये लॉजर ठेवायची परवानगीही मागून घ्यावी, कारण कर्जाच्या करारात आणि घराच्या विम्यात बहुधा तशी अट असते. विमा कंपनीला न सांगता लॉजर ठेवला आणि उद्या पाणी गळून छत कोसळलं तर भरपाई अडकते.

आणखी एक खर्च नव्याने वाढतो, तो काउन्सिल टॅक्सचा. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर या करात 25 टक्के सूट मिळते. लॉजर आला की ती जाते. पूर्णवेळ विद्यार्थी मोजला जात नाही, त्यामुळे विद्यार्थी ठेवला तर सूट टिकते. बाईंचे दोघंही शिकून बाहेर पडलेले. त्यात स्लाऊच्या नगर परिषदेने 2021 मध्ये आपण आर्थिक डबघाईला आल्याचं जाहीर केलं होतं आणि 2023 मध्ये सरकारच्या खास परवानगीने हा कर 9.99 टक्क्यांनी वाढवला. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी या करात सवलतीचा अर्ज वेगळा असतो, प्रत्येक परिषदेचा नियम वेगळा आणि युनिव्हर्सल क्रेडिट मिळालं म्हणून ती सवलत आपोआप मिळत नाही. हे न कळल्याने किती घरं पूर्ण कर भरत बसली असतील!

जॉबसेंटरबद्दल, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाबद्दल, थोडंच लिहितो. तिथे ‘वर्क कोच’ नावाचा अधिकारी असतो. त्याच्यासमोर एका कराराला मान्यता द्यावी लागते. साधारणपणे आठवड्याला 35 तासांपर्यंत नोकरी शोधायची आणि काय शोधलं ते ऑनलाइन जर्नलमध्ये लिहायचं. पहिले चार आठवडे आपल्या जुन्या क्षेत्रात शोधता येतं, मग मिळेल ते काम बघावं लागतं. भेट चुकली, जर्नल भरलं नाही, तर पैसे कापतात. इतरांचे पगार काढण्यात आयुष्य गेलेल्या बाईंना हे जर्नल कधी जड गेलं नाही. त्यांना जड गेली ती भेटीची दहा मिनिटं, वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसून. ‘‘माझ्या मुलीच्या वयाचा तो अधिकारी मला विचारतो, तुम्हाला कॉम्प्युटर येतो का,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण माणूस चांगला होता हो. त्यानेच मला काउन्सिल टॅक्सच्या सवलतीचं सांगितलं.’’

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मुलाचं काय?

त्याच्या व्हिसावर एक ओळ आहे: सार्वजनिक निधीवर हक्क नाही. युनिव्हर्सल क्रेडिट नाही, घरभाड्याची मदत नाही, काउन्सिल टॅक्सची सवलत नाही. दोन वर्षांच्या या व्हिसासाठी त्याने 880 पाउंड शुल्क आणि आरोग्याचा अधिभार वर्षाला 1,035 याप्रमाणे 2,070 पाउंड भरले. एकूण 2,950. वडिलांनी लातूरला काढलेल्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालेला. दोन वर्षांत स्पॉन्सर करणारा मालक मिळाला तर पुढे राहता येतं. अशा नोकरीसाठी लागणाऱ्या पगाराची सर्वसाधारण मर्यादा 2024 च्या एप्रिलमध्ये 38,700 पाउंड झाली आणि 2025 च्या जुलैत 41,700. नवख्या पदवीधरांना त्यात काही सूट आहे, पण सूट धरूनही मालक लोक हात आखडता घेतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. विम्याच्या हप्त्यांवर मिळणारा जॉबसीकर्स अलाउन्स हा ‘सार्वजनिक निधी’त मोडत नाही. व्हिसावर असलेल्या, पण काही वर्षं नोकरी करून पुरेसे हप्ते भरलेल्या माणसालाही तो मागता येतो. लातूरच्या मुलाचे हप्ते पुरेसे नाहीत. पण स्पॉन्सर केलेल्या नोकरीत तीन-चार वर्षं काढून अचानक काढून टाकलेले कितीतरी मराठी अभियंते आहेत. नोकरी गेल्यावर नवा स्पॉन्सर शोधायला त्यांना साधारण 60 दिवस मिळतात. त्या धावपळीत हा हक्क त्यांच्या गावीही नसतो. आधी व्हिसाच्या सल्लागाराला विचारा, पण विचारा.

लॉजर म्हणूनही हा मुलगा कायद्याच्या सर्वांत पातळ पापुद्र्यावर उभा होता. मालकाच्या घरात राहणाऱ्याला बाहेर काढायला कोर्टाचा हुकूम लागत नाही, 1977 च्या कायद्याने ‘वाजवी सूचना’ पुरते. आठवड्याने भाडं देत असेल तर बहुधा एका आठवड्याची. त्याची अनामत रक्कम सरकारमान्य योजनेत ठेवण्याचं बंधन मालकावर नाही. भाडेकरूंना मोठं संरक्षण देणारा 2025 चा नवा कायदाही लॉजरला लागू होत नाही. उलट मालकाने त्याची कागदपत्रं तपासलीच पाहिजेत. इंग्लंडभर 2016 पासून हा नियम आहे. राहण्याचा हक्क नसलेला लॉजर ठेवला तर पहिल्याच वेळी 5,000 पाउंडांपर्यंत दंड, 2024 च्या फेब्रुवारीपर्यंत तो 80 होता. म्हणून काकूंना त्याच्याकडे व्हिसा तपासण्याचा सरकारी शेअर कोड मागावा लागला. ‘‘पोहे समोर ठेवून मी त्याला म्हटलं, बाळ, तुझा कोड दे,’’ त्या सांगत होत्या. ‘‘त्याला वाईट वाटलं असेल. पण पाच हजार कुठून आणू?’’

घरमालक सोडून दोन लॉजर ठेवता येतात. तिसरा आला की घर कायद्याने अनेक कुटुंबांचं सामायिक निवासस्थान ठरतं आणि आगीच्या सुरक्षेपासून सगळे नियम बदलतात. बैठकीच्या खोलीत पडदा लावून तिसरा ठेवायची सूचना बाईंना ओळखीतल्याच एकाने केली होती. त्यांनी ती धुडकावली. अशा घरांत मी गेलो आहे. एका खोलीत चार मुलं, पाळीपाळीने झोपणारी. मालक आणि लॉजर दोघंही मराठी, आणि दोघंही अडलेले.

लंडनमध्ये लॉजर म्हणून राहण्याची मराठी परंपरा जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये 10, किंग हेन्रीज रोड या पत्त्यावर राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घर विकत घेतलं आणि आज ते स्मारक म्हणून बघता येतं. इथे येणारा प्रत्येक मराठी प्रवासी तिथे जातो, जावंच. परक्या घरातल्या एका खोलीत, तुटपुंज्या पैशांत राहून माणूस काय करू शकतो ते ती वास्तू सांगते. त्या खोलीचं भाडं वेळेवर देणं किती जड जात असेल, याची कल्पना तिथल्या पाहुण्यांनी आजच्या लॉजरकडे बघूनही करावी.

लातूरच्या मुलाचं भाडं उन्हाळ्यात दोन महिने थकलं. काकूंचा हप्ता थांबणारा नव्हता. पहिल्या महिन्यात त्यांनी विचारलंच नाही, दुसऱ्या महिन्यात निम्मं घेतलं, तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला त्याला बसवून सांगितलं की महिनाअखेर दुसरीकडे बघ. तो हाउन्स्लोला, चौघांच्या एका खोलीत गेला. त्याच्या जागी आता एक नर्स राहते, केरळची, भाडं एक तारखेला देते. बाई मला म्हणाल्या की त्यांनी चुकीचं केलं नाही, पण त्या मुलाच्या आईचा फोन घ्यायचं धाडस अजून होत नाही. मला वाटतं, त्यांनी दुसरं काही करणं शक्य नव्हतं. आणि हेच या व्यवस्थेतलं खरं दुखणं आहे. बेकार घरमालकाला सावरायचं काम कायद्याने लॉजरच्या भाड्यावर सोपवलं आहे, आणि त्या लॉजरला सावरायला कोणालाही ठेवलेलं नाही. एकाचं छप्पर टिकतं ते दुसऱ्याच्या पगारावर, आणि तो पगार थांबला की त्याच्यापाशी दाद मागायला जागा नाही. निदान ज्यांनी हजारो पाउंड शुल्क भरून, कर भरून इथे काम केलं आहे, त्यांना नोकरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांची तात्पुरती मदत मिळायला हवी. ही मागणी ब्रिटनमधल्या मराठी संस्थांनी खासदारांकडे लेखी करावी. हे घरमालक मतदारही आहेत.

बाईंना सध्या एका शाळेच्या कचेरीत आठवड्याला सोळा तासांचं काम मिळालं आहे. काम मिळालं म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट आपोआप बंद होत नाही. त्यांच्यासारख्यांच्या निव्वळ कमाईतल्या प्रत्येक पाउंडामागे 55 पेन्स कमी होत जातात. घरकर्जाचा हप्ता भरला जातो आहे.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, म्हणजे नव्वद वर्षांहून जुनं. इतर शहरांतही आता मंडळं झाली आहेत. दिवाळी, गणपती, नाटकं, सगळं उत्साहाने होतं. या मंडळांना माझी विनंती आहे. महिन्यातला एक रविवार, एक टेबल आणि दोन खुर्च्या यासाठी द्या. ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’चा एखादा सल्लागार बोलवा, मराठी बोलणारा एक स्वयंसेवक शेजारी बसवा आणि आलेल्या माणसाचं नाव कुठेही लिहू नका. आणि महाराष्ट्रात हा अंक वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं की तुमची मुलगी, भाचा, दीर तिकडे असेल, फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणत असेल आणि आवाज ठीक वाटत नसेल, तर त्याला थेट विचारा: नोकरी आहे का? नसेल तर आजच अर्ज करायला सांगा, उद्या नाही.